सावरचं केंद्र

बांगलादेशात ढाक्याला गेलात, तर जवळच्या सावर गावातलं 'सीआरपी' केंद्र जरूर पाहा. व्हॅलरी टेलर या इंग्लंडच्या फिजिओथेरपिस्ट. १९६९ साली, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, स्वयंसेविका म्हणून आल्या आणि इथल्याच झाल्या! १९७९ मध्ये ढाक्यातल्या एका रुग्णालयाच्या सिमेंटच्या गोदामात त्यांनी हे केंद्र काढलं. १९९० मध्ये ते सावरला आलं.

सेरेब्रल पाल्सीमुळे काही मुलांचे हातपाय ताठ होतात. साधं बसणंसुद्धा कठीण! इथे अशा मुलांबरोबर त्यांच्या आयांनाही ठेवून घेतात, व्यायाम शिकवतात. का, ठाऊक आहे? परदेशातून मदतीला आलेली ताई एक दिवस परत जाणारच. आईचे हात मात्र रोज जवळ असतात ना!