पांडवगडाखालचे ३२ गुंठे

सातबाऱ्यावर आमच्या जमिनीचे क्षेत्र ३२ गुंठे लिहिलेले आहे. एक एकर व्हायला अजून ८ गुंठे हवेत. वाई तालुक्यात, पांडवगडाच्या पायथ्याशी, उतारावर दगडी ताली घालून केलेले हे तीन लहान तुकडे. वरच्या तुकड्यात हळद, मधल्यात घेवडा नाहीतर हरभरा, आणि पाणी धरून ठेवणाऱ्या खालच्या तुकड्यात पावसाळी भात. बांधावर दोन आंबे, विहिरीजवळ एक उंबर. एवढ्या जमिनीवर कोणाचा संसार चालत नाही. माझ्या वडिलांचाही केवळ त्यावर चालला नाही. त्यांनी आयुष्यभर इतरांची शेती वाट्याने केली. तरीही ‘आपले रान’ म्हणताना त्यांच्या डोळ्यांसमोर हेच तीन तुकडे असत.

या शेतातून दिसणारे दृश्य मात्र क्षेत्रफळात मावणारे नाही. पाठीशी उत्तरेला पांडवगड, माथ्यावर काळ्या कातळाची उभी भिंत घेऊन उभा. आग्नेयेला वैराटगड. पश्चिमेला कमळगड, आणि त्याच्या डावीकडे पाचगणीचे सपाट पठार. सह्याद्रीतले हे डोंगर वरून असे कापल्यासारखे सपाट दिसतात, त्याचे कारण त्यांच्या जन्मात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले आणि थिजले. पुढे पावसाने आणि नद्यांनी मधला भाग कोरून नेला, आणि राहिले ते हे डोंगर. शाळेतल्या मुलाने पट्टी ठेवून रेघ ओढावी, तशी पाचगणीची कड आभाळावर ओढलेली दिसते.

आप्पांच्या लेखी हे सारे सौंदर्य उपयोगाचे होते. ‘सुंदर’ हा शब्द मी त्यांच्या तोंडी ऐकल्याचे आठवत नाही. संक्रांतीच्या सुमारास सूर्य पाचगणीच्या पठाराकडे मावळतो आणि मग रोज थोडा थोडा उजवीकडे सरकत वैशाखाअखेर रायरेश्वर-केंजळगडाच्या बाजूला जातो, हे त्यांचे पंचांग होते. त्या सरकण्यावरून ते हळदीचा पाला कधी कापायचा आणि जेठे गड्डे कधी लावायचे, ते सांगत. पावसाळ्यात पाचगणी ढगात बुडाली, की सर आपल्या बांधावर यायला किती वेळ आहे, याचा त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तिथून रस्त्याने तीसेक किलोमीटरवरच्या वाईला त्याचा पाचवा हिस्साही येत नाही. डोंगराने अडवून उरलेल्या पाण्यावर जगणाऱ्या माणसाला डोंगराच्या मुद्रेकडे पाहत राहावेच लागते.

दोन वर्षांपूर्वी, भाद्रपदात, तालीवरून उतरताना आप्पांचा पाय घसरला आणि उजव्या खुब्याचे हाड मोडले. वय ८१. शस्त्रक्रिया दुसऱ्याच दिवशी झाली आणि ती उत्तम झाली. तिसऱ्या रात्री मात्र ते परिचारिकेला आपल्या दिवंगत बहिणीच्या नावाने हाका मारू लागले, हातातली सलाईनची सुई ओढू लागले, ‘गुरं आत घ्या’ म्हणून ओरडू लागले. गुरे विकून आम्हाला बारा वर्षे झाली होती. त्या खोलीला खिडकी नव्हती. दिव्याचा उजेड दुपारीही तोच आणि मध्यरात्रीही तोच.

डॉक्टरांनी या अवस्थेचे नाव ‘डेलिरियम’ असे सांगितले; मराठीत आपण तिला तीव्र संभ्रमावस्था म्हणू. वृद्धांची काळजी घेणाऱ्या प्रत्येकाने तिची ओळख करून घ्यावी, असे मला वाटते. स्मृतिभ्रंश महिन्यामहिन्यांनी, वर्षावर्षांनी वाढत जातो. हा संभ्रम काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत उद्भवतो, दिवसभरात कमी-अधिक होतो आणि बहुधा सायंकाळनंतर बळावतो. काही वृद्ध आरडाओरडा न करता नुसते सुस्त, गप्प होतात, आणि ते अधिक फसवे. जंतुसंसर्ग, शरीरातले पाणी किंवा क्षार कमी होणे, वेदना, बद्धकोष्ठ, तुंबलेली लघवी, एखादे नवे औषध, यांपैकी काहीही त्याच्या मुळाशी असू शकते. म्हणून ‘वय झाले, चालायचेच’ असे म्हणून न थांबता त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानी घालावे.

अमेरिकेतील शॅरन इनोये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास या संदर्भात प्रसिद्ध आहे. रुग्णालयात दाखल झालेल्या, सत्तरी गाठलेल्या ८५२ रुग्णांचे त्यांनी निरीक्षण केले. एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्या गटाला त्याबरोबर आज कोणता वार आहे, आपण कुठे आहोत, याची वारंवार आठवण दिली जाई. चष्मा व श्रवणयंत्र लावले जाई, पाणी पाजले जाई, चालवले जाई आणि रात्री शांत झोप मिळेल अशी व्यवस्था केली जाई. पहिल्या गटात १५ टक्के रुग्णांना संभ्रम झाला, दुसऱ्यात ९.९ टक्क्यांना. यात महागडे असे काहीच नव्हते. आमच्या डॉक्टरांनीही हाच मार्ग धरला. पिशवीतला चष्मा नाकावर चढला, खिडकीची खोली मिळाली, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी आप्पा पुष्कळसे भानावर आले.

तेथून मी त्यांना माझ्या घरी, सांगलीला घेऊन आले. आई आता नाही. गावाकडे त्यांना उठवून बसवणारे कोणी नव्हते. विश्रामबागेतील आमचे घर दुसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट आहे, फिजिओथेरपिस्ट घरी येतो, दवाखाना हाकेच्या अंतरावर. कशाचीही उणीव नव्हती. पण दिवस मावळू लागला, की आप्पा अस्वस्थ होत, वॉकर धरून या खिडकीतून त्या खिडकीकडे जात आणि विचारत, “डोंगर कुठं गेला गं?”

“इथं डोंगर नाही आप्पा. इथं आपली कृष्णा आहे, वाईहून आलेली.”

“आसंल. पर डोंगराबिगर दिशा कशी कळायची मान्साला?”

सांगलीकर रागावतील, मिरजेपलीकडे दंडोबा आहे, उत्तरेला सागरेश्वर आहे, पश्चिमेला शिराळ्याकडे गेले तर चांदोलीचे घनदाट डोंगर याच जिल्ह्यात आहेत. पण आमच्या खिडकीतून समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या दिसतात. पंच्याहत्तर वर्षे ज्याने उत्तर म्हणजे पांडवगड आणि सायंकाळ म्हणजे पाचगणी असे मानले, त्याच्या हातून दिशा आणि वेळ दोन्ही एकदम सुटल्या होत्या. शस्त्रक्रियेनंतरचा संभ्रम ओसरला तरी विसराळूपणा थोडा मागे राहिला होता. आणि विसरणाऱ्या माणसाला ओळखीच्या खुणांचा आधार जास्तच लागतो.

मग जमेल तेवढे केले. पूर्वेची खिडकी समोर येईल अशी खाट फिरवली. मोठ्या आकड्यांचे घड्याळ आणि तिथी छापलेली दिनदर्शिका नजरेच्या उंचीवर लावली. सायंकाळ होण्याआधीच दिवे लावू लागलो. सर्वांत गुण आला तो हळकुंडांच्या पोत्याने. मुळ्या काढायच्या, मोठी वेगळी, बारीक वेगळी. तासभर ते त्यात रमत. माघात एकदा त्यांना गाडीतून मार्केट यार्डात नेले. सांगली ही हळदीची मोठी पेठ. गाडीची काच खाली केली मात्र, त्या वासाने आप्पा ताठ बसले. हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद कशी साठवत, पेव उघडल्यावर लगेच आत का उतरायचे नाही, कोणत्या वर्षी दर कोसळला, सारे त्यांनी सुसंगत सांगितले. त्या पेवांपैकी कित्येक २००५ च्या महापुरात निकामी झाली, हे मी त्यांना सांगितले नाही.

‘त्यांना गावी नेले तर बरे होतील’, असे नातेवाईक म्हणू लागले. डोंगराची हवा औषधी असते, ही समजूत आपल्याकडे खोल रुजलेली आहे, आणि तिला इतिहास आहे. शेतातून जे पाचगणीचे पठार दिसते, तिथे डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये क्षयरोग्यांसाठी ‘बेल-एअर’ आरोग्यधाम उभारले. क्षयावर औषधच नव्हते, तेव्हा स्वच्छ हवा, विश्रांती आणि सकस आहार हाच उपचार होता. पसरणी घाटातून पांघरुणे लपेटलेले रोगी घेऊन जाणाऱ्या मोटारी आप्पांनी लहानपणी पाहिल्या आहेत. इकडे सपाटीवर, मिरजेजवळ, वॉनलेसवाडीतही क्षयरोग्यांचे आरोग्यधाम होते. पुढे औषधे आली, आणि १९५९ मध्ये मद्रासच्या संशोधन केंद्राने असे दाखवून दिले, की दाटीवाटीच्या घरात, साध्या आहारावर राहून औषधे घेणारे रुग्ण आरोग्यधामातल्या रुग्णांइतकेच बरे होतात. क्षय बरा करणारी वस्तू औषध होती, डोंगर नव्हता. खुब्याचे हाडही डोंगर पाहून सांधत नाही, हे मी नातेवाईकांना ऐकवले.

दुसऱ्या बाजूचाही एक दाखला आहे. रॉजर उलरिख यांनी १९८४ मध्ये पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयाच्या जुन्या नोंदी तपासल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांपैकी निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे पाहणाऱ्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली आणि ते सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले. रुग्ण थोडे, रुग्णालय एकच, त्यामुळे या अभ्यासावर फार मोठा इमला रचू नये. तरी भिंतीकडे पाहत पडलेल्या कोणालाही हा निष्कर्ष पटेल.

घरात खरा वाद सुरू झाला तो जमिनीवरून. वाई-पाचगणी परिसरात मुंबई-पुण्याची माणसे सुट्टीतल्या बंगल्यांसाठी जागा शोधत असतात. आमच्या ३२ गुंठ्यांनाही गिऱ्हाईक आले. भावाचे म्हणणे व्यवहाराला धरून होते: आप्पांचा औषधोपचार, मदतनिसाचा पगार, पुढची वर्षे, हे सर्व कशातून भागवायचे? गिऱ्हाइकाला हवे होते ते दृश्य; ताली, विहीर, उंबर ही त्याला अडचणच होती. जो डोंगर पाहत आप्पा पेरणी ठरवत, तोच डोंगर पाहण्यासाठी तो शेत मोडणार होता. मी भावाला एवढेच म्हटले, की आप्पा हयात आहेत तोवर हा विषय नको. तो दोन महिने माझ्याशी बोलला नाही. मग एक दिवस स्वतःच सांगलीला आला, आप्पांजवळ बसून हळकुंडे निवडली आणि जाताना म्हणाला, “ताई, त्यांना रानात कसं ठेवायचं, ते तरी ठरवू.”

ते ठरवणे सोपे नव्हते. शेतातली खोली म्हणजे ओबडधोबड जमीन, अंधार, आणि फुरसे-घोणशीचे रान. खोलीपासून उंबरापर्यंत सिमेंटची सपाट वाट केली, एका बाजूला लोखंडी दांडा बसवला. कमोड, त्याशेजारी धरायला कडी, बसल्यावर पाय जमिनीला टेकतील अशी हातांची खुर्ची, खाटेजवळ दिवा. अंधारात बॅटरीशिवाय पाऊल टाकायचे नाही. साप चावला तर मांत्रिकाकडे न जाता थेट रुग्णालय, हे मदतनिसाला बजावले आणि गाडीवाल्याचा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिला. माघ ते ज्येष्ठ शेतावर, आणि पावसाळाभर सांगलीत, असा करार ठरला. पावसाळ्यात कृष्णा सांगलीला धास्ती घालते हे खरे, पण आमचा भाग उंचावर आहे आणि निसरड्या तालींचा अनुभव आम्हाला आलेला आहे. पंधरा दिवस मी, पंधरा दिवस भाऊ. माझ्या वाट्याचे नसलेले पंधरा दिवस मी पुरेशी झोपते. काळजीवाहकाच्या झोपेचा हिशेब कोणी ठेवत नाही, म्हणून तो येथे नोंदवून ठेवते.

आप्पा बरे झाले, असे मी म्हणणार नाही. ते मला कधी आईच्या नावाने हाक मारतात, जेवल्याचे विसरतात. वॉकर सुटलेला नाही. सायंकाळची तगमग मात्र शेतावर पुष्कळ कमी असते. उंबराखाली खुर्ची टाकून ते पश्चिमेकडे तोंड करून बसतात, आणि “आज काय वार?” या प्रश्नाला अडखळणारा हा माणूस “सूर्य रायरेश्वराला लागला, आता लावण उरकायला पाहिजे” हे न अडखळता सांगतो. वाटेकरी त्यांचे ऐकतो. निदान ऐकल्यासारखे करतो, आणि जेठे गड्डे त्यांच्या पुढ्यात आणून टाकतो.

सध्या ज्येष्ठ संपत आला आहे. हळद लावून झाली, भाताचे तरू वीतभर वर आले. भावाची गाडी रविवारी यायची आहे आणि त्यांची पिशवी मी भरून ठेवली आहे. आप्पांनी ती दोनदा उघडून कपडे परत खुंटीला लावले. पाचगणी ढगात जात नाही तोवर निघायचे नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. आणि आज संध्याकाळपर्यंत तरी पठाराची कड स्वच्छ दिसते आहे.