रक्ताचा रिपोर्ट आणि दुधाळ नमुना

रिपोर्ट हातात आला की तुमची नजर आधी ठळक छापलेल्या आकड्यावर जाते. तो आकडा येतो कुठून, हे सहसा कोणी विचारत नाही.

हिमोग्लोबिन, साखर, बिलिरुबिन, कोलेस्टेरॉल अशा अनेक तपासण्यांत प्रत्यक्षात प्रकाश मोजला जातो. बहुतेक वेळा नमुन्यात रसायन मिसळून रंग आणतात आणि त्यातून ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश सोडतात. हिमोग्लोबिनच्या एका जुन्या, प्रमाणित पद्धतीत ती ५४० नॅनोमीटर असते. रंग जितका गडद, तितका प्रकाश जास्त शोषला जातो. कोरा चहा कडक झाला की कपाचा तळ दिसेनासा होतो, तसंच हे.

अडचण अशी, की पलीकडे किती प्रकाश पोचला एवढंच यंत्राला कळतं. तो रंगाने शोषला की चरबीच्या कणांनी विखुरला, हे त्याला कळेलच असं नाही.

माझ्याकडे एक मध्यमवयीन गृहस्थ आले होते. जिना चढताना दम लागायचा, पापण्या आतून फिकट होत्या, पण हिमोग्लोबिन १३.२! त्याच रिपोर्टात एमसीएचसी ४१ होतं. ते ३६ च्या फार वर गेलं, तर शंका घ्यायची असते. लॅबला फोन केला. नमुना दुधासारखा पांढुरका होता, ट्रायग्लिसराइड्स खूप वाढलेली होती. त्यांनी वरचा प्लाझ्मा काढून तेवढंच सलाइन घातलं आणि पुन्हा मोजलं. आता आकडा आला १०.७. मूळव्याधीतून महिनोन्महिने रक्त जात होतं, ते त्यानंतर उघडकीला आलं.

अशा चुका टाळायला चांगली लॅब रसायनाचा स्वतःचा रंग आधी मोजून वजा करते, काचनळीवर बोटांचे ठसे आणि आत बुडबुडे राहू देत नाही, माहीत असलेल्या किमतीचा नमुना रोज तपासते आणि आकडा मर्यादेबाहेर गेला तर नमुना पातळ करून पुन्हा मोजते.

तुमचाही यात वाटा आहे. उपाशीपोटी यायला सांगितलं असेल, तर सांगितलेले तास पाळा. साधं पाणी चालतं. आदल्या रात्री लग्नाचं जेवण आणि दारू नको. नमुना 'दुधाळ' किंवा 'हिमोलाइज्ड' असा शेरा असेल, तर तो डॉक्टरांना दाखवा.

आणि आकडा नॉर्मल असूनही त्रास होत असेल, तर गप्प बसू नका. "पुन्हा तपासू या का?" असं जरूर विचारा.