पथ्य आणि पंगत

पथ्य हा शब्द कानीं पडला कीं पुष्कळांचें तोंड आंबट होतें. पथ्य म्हणजे बेचव अन्न आणि निराळें ताट, अशी समजूत आमच्याही घरीं रूढ होती. आजोबांस मधुमेह जडल्यापासून त्यांचें जेवण वेगळें शिजूं लागलें, आणि लौकरच तें वेगळ्या वेळींही होऊं लागलें. रोगापेक्षां ह्या एकटेपणानेंच त्यांची अन्नावरील वासना उडाली. इन्सुलिन टोचून घेणाऱ्यानें जेवण टाळणें तर फारच धोक्याचें. कारण पोटांत अन्न नसल्यास रक्तांतील साखर प्रमाणाबाहेर उतरून माणूस बेशुद्धही पडतो. तेव्हां आजोबांना सोसेल असाच एक पदार्थ सर्वांनीं मिळून खावा, असें आम्हां भावंडांनीं आईच्या संमतीनें ठरविलें.

कृति सोपी आहे. चार माणसांकरितां कातडें व हाडें काढलेलें पाव किलो कोंबडीचें मांस घेऊन त्याचे लहान तुकडे करावे. चमचाभर तेलांत ठेंचलेलें आलें, लसूण व बारीक चिरलेला कांदा परतून त्यांत ते टाकावे. तुकडे पांढरे दिसूं लागले म्हणजे पांच पेले पाणी, एक वाटी मक्याचे कोंवळे दाणे आणि दोन वाट्या चिरलेली फरसबी व कोबी घालून मंद आंचेवर वीस मिनिटें शिजूं द्यावें. शेवटीं एका अंड्यांतील पांढरें फेंटून बारीक धारेनें सोडावें. म्हणजे मैदा किंवा कॉर्नफ्लावर न लावतांही रस्सा मिळून येतो. मीठ बेतानें, मिरपूड व लिंबू मात्र सढळ हातानें घालावें.

कोंबडीच्या मांसांत पिष्ट जवळजवळ नसतेंच. मका मात्र भाजी नव्हे, धान्य आहे. शंभर ग्रॅम गोड मक्यांत सुमारें १९ ग्रॅम कर्बोदकें असतात. म्हणून दाणे मोजूनच घालावे. ज्या दिवशीं हा रस्सा असतो, त्या दिवशीं आजोबांची अर्धी पोळी कमी होते. हें प्रमाणही डॉक्टरांस विचारूनच ठरविलें आहे.

इन्सुलिनचा शोध टोरांटो येथें १९२१ सालीं लागला, आणि जानेवारी १९२२ मध्यें तें प्रथम एका चौदा वर्षांच्या मुलास टोचण्यांत आलें. आपल्यांपैकीं कित्येकांच्याच वयाचा तो मुलगा! तत्पूर्वीं अशा रोग्यांस जवळजवळ उपाशी ठेवणें, हाच काय तो उपाय असे. आतां उपवासाची गरज उरली नाहीं. मोजून खाण्याची मात्र आहे.

पहिल्या दिवशीं सर्वांच्या ताटांत तोच रस्सा पाहून आजोबांनीं विचारलें, "आज तुम्हांलाही पथ्य कां रे?" धाकटी बहीण उत्तरली, "नाहीं आजोबा, आज तुम्हांलाही मेजवानी!" त्या रात्रीं त्यांनीं वाटी पुन्हां पुढें केली.

वाचकहो, ज्यांच्या घरीं असें वेगळें ताट मांडलें जातें, त्यांनीं तें एकदां पंगतींत आणून पाहावें.