आपली बॅग, आपली खूण

मैत्रिणींनो, विमानातून उतरल्यावर सामानाच्या फिरत्या पट्ट्याशी तुम्ही कधी उभ्या राहिलात का? पडद्याआडून एकामागून एक काळ्या बॅगा येतात. सगळ्या जणू एकाच आईच्या लेकी! आपली कुठली हे ओळखेपर्यंत जीव नुसता खालीवर होतो. दोन वर्षांपूर्वी लेकीच्या बाळंतपणासाठी मी कन्नडहून दिल्लीला गेले, तेव्हा माझी अशीच फजिती झाली. फजितीच म्हणते, पण तेवढ्यावर निभावलं हे नशीब.

माझं माहेर चाळीसगावचं. लग्न होऊन औट्रम घाट चढून कन्नडला आले, ती एसटीनं. ट्रंक गाडीच्या टपावर. वडिलांनी तिच्या झाकणावर पांढऱ्या तैलरंगानं माझं नवं नाव लिहिलं होतं आणि खाली ‘कन्नड, जि. औरंगाबाद’. मला तेव्हा त्या ठळक अक्षरांची लाज वाटायची. पण कन्नडच्या स्टँडवर हमालानं वीस ट्रंकांतून माझीच नेमकी खाली उतरवली होती!

दिल्लीच्या वेळी मात्र नवी काळी चाकांची बॅग घेतली. आत डिंकाचे लाडू, बाळंतविडा आणि माझ्या जुन्या साड्यांची शिवलेली दुपटी. खूण म्हणून मुठीला लाल रिबीन बांधली आणि निघाले. कन्नडहून चिकलठाण्याचा विमानतळ साठेक किलोमीटर. हतनूर मागं पडलं की वेरूळचा फाटा, खुलताबाद, मग दौलताबादचा किल्ला. 1327 साली महंमद तुघलकानं दिल्लीकरांना बाडबिस्तऱ्यासकट इथं आणलं होतं. एवढ्या गाठोड्यांत कुणाचं कुठलं हे त्या बायकांनी कसं ओळखलं असेल, असं गाडीत सहज मनात आलं. मला काय ठाऊक, संध्याकाळपर्यंत आपल्यावरच तीच पाळी येणार आहे!

दिल्लीला पट्ट्यावर लाल रिबिनीची काळी बॅग दिसली, मी ती ओढून घेतली. घरी आल्यावर कुलपाला किल्ली लागेना. जावई म्हणाले, “आई, ही पट्टी वाचलीत का? आडनाव दुसरंच आहे.” माझ्या पोटात धस्स झालं. आम्ही विमान कंपनीला फोन केला आणि तसेच माघारी निघालो.

तिथं एक वयस्क बाई खुर्चीवर बसून होत्या. त्यांची इन्सुलिनची इंजेक्शनं मी नेलेल्या बॅगेत होती. रात्रीच्या डोसाची वेळ झाली होती. बाजूलाच माझी बॅग उभी, तिची रिबीन वाटेत कुठंतरी गळून पडलेली. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त बॅग उघडली, औषधाचा डबा छातीशी धरला आणि म्हणाल्या, “मिली, बस.” तो चेहरा अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

त्या रात्री मला दोन गोष्टी कळल्या. औषधं, दागिने आणि कागदपत्रं नेहमी हातातल्या पिशवीत ठेवायची. आणि खूण अशी हवी की ती दुसऱ्या कुणाजवळ नसेल आणि गळूनही पडणार नाही.

पुढच्याच महिन्यात जावयांना गोल्फच्या सामन्यासाठी विमानानं जायचं होतं. ते सैन्यात आहेत, तिथं त्यांना या खेळाची गोडी लागली. गोल्फच्या काठ्यांना क्लब म्हणतात. सामन्यात जास्तीत जास्त 14 क्लब बाळगता येतात. त्या सगळ्या मावतील अशी माणसाच्या छातीपर्यंत येणारी लांब पिशवी असते, तिच्यावर प्रवासासाठी आणखी एक खोळ. आणि खोळ कुठल्या रंगाची? बहुतेकांची काळीच! सामन्याला निघालेले पाच-सहा जण एकाच विमानात असले की झालाच गोंधळ. मी म्हटलं, “आणा इकडे ती, मी बघते.”

माझ्या जुन्या इरकलीचे हिरव्या-लाल काठाचे तुकडे मी बरोबर नेलेच होते. दाभणानं आणि दुहेरी जाड दोऱ्यानं ते खोळीला पक्के शिवले. लांब पिशवी पट्ट्यावर कधी आडवी, कधी पालथी येते, म्हणून दोन्ही टोकांना आणि दोन्ही अंगांना एकेक तुकडा. मुठीलाही तोच काठ घट्ट गुंडाळून टाके घातले. लोंबतं काहीही ठेवलं नाही, कारण लोंबणारी रिबीन यंत्रात अडकते नाहीतर तुटते. जावई परत आले ते हसतच. लांब सामान वेगळ्या जागी येतं, तिथं त्यांची पिशवी लांबूनच ओळखू आली म्हणे!

तुम्हीही एवढं करा. टणक बॅगेवर शिवता येत नाही, तिथं तैलरंगानं लहानशी वेल किंवा स्वस्तिक काढा. बाहेरच्या चिठ्ठीवर नाव आणि मोबाइल नंबर पुरे. घराचा पत्ता नको, घर बंद आहे हे जगाला कशाला सांगायचं? आत कपड्यांच्या वर मात्र नाव, नंबर आणि उतरण्याचा पत्ता लिहिलेला कागद ठेवा. बाहेरची चिठ्ठी फाटली तर तोच कामी येतो. मागच्या प्रवासाच्या पट्ट्या काढून टाका, नाहीतर यंत्र जुनीच पट्टी वाचायचं. निघताना बॅगेचा फोटो मोबाइलवर काढून ठेवा.

काउंटरवर नवी पट्टी लावतात तिच्यावर उतरण्याच्या गावाची तीन अक्षरं असतात. दिल्लीची डी-ई-एल. ती तिथंच वाचून घ्या. तिच्यावर 10 आकडी नंबरही असतो, शेवटचे 6 आकडे आपल्या बॅगेचे. त्याची लहान चिठ्ठी आपल्याला मिळते, ती घरी पोहोचेपर्यंत टाकू नका. पट्ट्यावरून बॅग उचलली की आधी हे आकडे जुळवा, मगच दाराकडे वळा. बॅग आलीच नाही तर बाहेर पडण्याआधी तिथंच लेखी तक्रार द्या. परदेशच्या प्रवासात मोडतोडीची तक्रार 7 दिवसांत आणि उशिरा मिळालेल्या सामानाची 21 दिवसांत लेखी द्यावी लागते.

वडिलांची ती ट्रंक कन्नडला आमच्या माळ्यावर आहे. रंग उडालाय, पण नाव वाचता येतं. परवा नातीनं विचारलं, “आजी, एवढी मोठ्ठी अक्षरं कशाला?” मी म्हटलं, “अगं, आपलं ते आपल्याला मिळावं आणि दुसऱ्याचं चुकून आपल्या घरी येऊ नये म्हणून!”