मैदानाबाहेरचा माणूस

आपल्याकडे पैलवानाला नाव असते, वस्तादाला मान असतो आणि मैदानाला गावाची ओळख असते. परंतु ते मैदान भरविणाऱ्या माणसाला काय म्हणावे, यासाठी आपल्या भाषेने स्वतंत्र शब्द घडविलेला नाही. कार्यवाह, चिटणीस, खजिनदार हे शब्द पतपेढीपासून नाट्यमंडळापर्यंत कोठेही चालतात. खेळाच्या क्षेत्रातील हा माणूस बहुधा निनावीच राहतो. मैदान गाजले तर पैलवान गाजतो. मैदान फसले तर मात्र लोक याला शोधत येतात.

पिरनवाडीत राहून मी कित्येक वर्षे कुस्तीच्या मैदानाचे पावतीपुस्तक सांभाळले, म्हणून हे मला थोडेसे जवळून ठाऊक आहे. वर्गणी गोळा करणे हा त्या कामाचा सर्वांत सोपा भाग होय. कोणाची जोड कोणाशी लावायची, पंच कोणाला करायचे, बाहेरगावच्या मल्लाचा प्रवासखर्च कोणी द्यायचा, कुस्ती बरोबरीत सुटली तर इनाम कसे वाटायचे, या प्रश्नांची उत्तरे हलगी वाजण्यापूर्वी ठरलेली असावी लागतात. एका वर्षी आमच्याच भागातील एका मुलाची परगावच्या स्पर्धेसाठी निवड झाली. अंगात बळ होते, वस्तादांचा आशीर्वाद होता. नव्हते ते फक्त गाडीभाडे. चार घरे फिरून ते जमले आणि मुलगा गेला. तेव्हापासून माझ्या मनात एक विचार घर करून आहे. खेळाडूचे कर्तृत्व आणि त्या कर्तृत्वाला मिळणारी संधी यांच्यामध्ये एक उंबरठा असतो, आणि तो ओलांडून देणारा कोणीतरी दुसराच असतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी हे काम देशाच्या पातळीवर ज्याने केले, त्या माणसाच्या कारकिर्दीकडे मी याच दृष्टीने पाहतो. ते म्हणजे सर दोराबजी टाटा. पोलादाचा कारखाना, वीजनिर्मिती आणि दानधर्म यांसंबंधी त्यांचे नाव सर्वतोमुखी आहे. क्रीडासंघटक म्हणून ते क्वचितच घेतले जाते. आणि आपल्या बेळगावशी त्यांच्या या कार्याचा थेट धागा जुळलेला आहे, हे तर त्याहूनही थोड्यांना ठाऊक असेल.

जमशेटजींचे हे थोरले चिरंजीव 27 ऑगस्ट 1859 रोजी मुंबईत जन्मले. केंब्रिजच्या गॉन्व्हिल अँड कीज कॉलेजात असताना त्यांना मैदानाची गोडी लागली. क्रिकेट आणि फुटबॉल हे त्यांचे आवडते खेळ. परत आल्यावर 1882 मध्ये ते मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवीधर झाले आणि दोन वर्षे त्यांनी ‘बॉम्बे गॅझेट’ या पत्रात बातमीदारी केली. वडिलांच्या पश्चात पोलादाचे स्वप्न त्यांनी पुरे केले. 1912 मध्ये साकची येथे, म्हणजे आजच्या जमशेदपुरात, पोलाद तयार होऊ लागले. एवढा व्याप सांभाळणारा मनुष्य साठीच्या उंबरठ्यावर धावण्याच्या शर्यतींकडे वळला, याचे नवल वाटते.

याच काळात अमेरिकेत खेळाचा कारभार हा एक स्वतंत्र व्यवसाय बनला होता. बॅन जॉन्सन नावाचा, तोही मूळचा वृत्तपत्रातलाच गृहस्थ, 1901 मध्ये ‘अमेरिकन लीग’ ही बेसबॉलची संघटना प्रमुख दर्जाची म्हणून उभी करतो, मैदानावरील दंगामस्तीला आळा घालतो, पंचाच्या शब्दाला वजन मिळवून देतो, आणि 1927 पर्यंत तिच्या अध्यक्षपदावर राहतो. त्याच्या पाठीशी तिकीट काढून येणारा प्रेक्षक होता. पैसा दारातून येत होता, म्हणून कारभाऱ्याला पगार होता आणि अधिकारही होता. त्या पैशाबरोबर त्याचे दोषही आले. 1919 च्या अंतिम मालिकेत शिकागोच्या खेळाडूंनी पैसे घेऊन सामने गमावल्याचे प्रकरण उघडकीस आले आणि 1920 च्या अखेरीस एका न्यायाधीशाला साऱ्या बेसबॉलचा सर्वाधिकारी नेमावे लागले. आपल्याकडे असे दार नव्हते, तिकीट नव्हते आणि पगारही नव्हता. येथे खेळ चालत होता तो हौसेवर, वर्गणीवर आणि एखाद्या संस्थानिकाच्या मर्जीवर.

हौसेला शिस्त लावण्याचा एक मोठा प्रयत्न पुण्यात झाला. 1906 मध्ये डेक्कन जिमखाना स्थापन झाला. बंडोपंत भाजेकर हे त्यामागचे एक प्रमुख कार्यकर्ते. देशी आणि विदेशी खेळांना एका आवारात आणावे, ही त्या मंडळींची दृष्टी होती. पुढे दोराबजी या जिमखान्याचे अध्यक्ष झाले आणि तेथे भरलेल्या शर्यती त्यांनी पाहिल्या. त्या प्रसंगाविषयी त्यांनी 1929 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना पत्रातून कळविले आहे. धावणारे बहुतेक शेतकरी वर्गातले, पायांत काही नाही, रस्ता खडबडीत, शास्त्रशुद्ध शिक्षणाचा गंध नाही, स्पर्धेचे नियमही ओबडधोबड. आणि तरीही त्यांच्या धावण्याच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या वेळांशी ताडून पाहण्याजोग्या होत्या, असा त्या निवेदनाचा आशय आहे.

माझ्या मते दोराबजींच्या क्रीडाकारकिर्दीतील सर्वांत मोलाचा क्षण हाच होय. अनवाणी पळणारी माणसे त्या मैदानावर हजारोंनी पाहिली असतील. कोणी टाळ्या वाजविल्या असतील, कोणी हसलेही असतील. या गृहस्थाने मात्र घड्याळाकडे पाहिले. समोरच्या दारिद्र्यापलीकडचे सामर्थ्य मोजण्याची ही सवय संघटकाच्या अंगी असावी लागते. त्यांनी मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्याकडे शब्द टाकला, सरकारी साहाय्य मिळविले, लोकांकडून निधी जमविला आणि स्वतःच्या पदरचीही रक्कम घातली. 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी सहा जणांचा चमू निघाला. त्यांत चार धावपटू होते आणि दोन कुस्तीगीर.

त्या चार धावपटूंपैकी एक होते आपल्या बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले. 22 ऑगस्ट 1920 रोजी ते मॅरॅथॉन शर्यतीत धावले. त्या वर्षीचा मार्ग 42.75 किलोमीटरचा होता. ऑलिंपिकच्या इतिहासातील सर्वांत लांब मॅरॅथॉन म्हणून तो ओळखला जातो. पिरनवाडीच्या माणसाला समजेल असे सांगायचे, तर येथून निघून खानापूर गाठावे आणि पावली न थांबता तसेच माघारी यावे, साधारण एवढे ते अंतर. फिनलंडचा हानेस कोलेमायनेन 2 तास 32 मिनिटे 35.8 सेकंदांत पहिला आला. चौगुले 2 तास 50 मिनिटे 45.4 सेकंदांत पोहोचले आणि एकोणिसावे आले. एकोणीस हा आकडा लहान मानण्याचे कारण नाही. जगातील निवडक धावपटूंच्या मेळ्यात, परक्या हवेत, परक्या रस्त्यावर, विजेत्याहून अवघ्या अठरा मिनिटांनी मागे राहिलेला हा बेळगावकर होता.

कुस्तीत रणधीर शिंदे तर पदकाच्या अगदी दाराशी जाऊन आले. इंग्लंडच्या एका मल्लाला त्यांनी हरविले; पण पुढच्या कुस्त्या हरल्यामुळे कांस्यपदक हुकले. लाल मातीत वाढलेल्या मल्लाला गादीवरची कुस्ती किती परकी वाटते, हे आमच्याकडच्या कोणत्याही तालमीत विचारावे.

चौगुल्यांच्या नावापाशी आपण सीमाभागातल्या माणसांनी क्षणभर थांबले पाहिजे. ‘फडेप्पा दरेप्पा’ या नावाला कानडी वळण आहे. ‘चौगुले’ हे आडनाव पाटलाच्या हाताखालच्या जुन्या वतनाची आठवण देणारे आहे. आपल्या गल्लीतल्या कितीतरी घरांत नावांची अशी सरमिसळ आजही नांदते. 1920 मध्ये बेळगाव मुंबई इलाख्यात होते. पुढे 1956 ची पुनर्रचना आली, आणि माणसाच्या नावावरून त्याचा पक्ष ठरविण्याची सवय आपणा सर्वांना लागली. पुण्याच्या मैदानाने मात्र या मनुष्याची गती तेवढी पाहिली होती. भाषेचा अभिमान मी सोडलेला नाही, सोडणारही नाही. पण निवड करणाऱ्याने काय पाहावे आणि काय पाहू नये, याचा हा धडा मला मोलाचा वाटतो.

दोराबजींचे काम एका चमूवर थांबले नाही. 1920 मध्येच ते आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सदस्य झाले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. 1924 च्या फेब्रुवारीत दिल्लीत अखिल भारतीय स्पर्धा भरल्या आणि त्यांतून पॅरिसला जाणारे खेळाडू निवडले गेले. वाय.एम.सी.ए.चे हॅरी बक आणि डॉ. नोहरेन यांची या कामी त्यांना मोठी साथ मिळाली. त्याच पॅरिसमध्ये त्यांच्या पत्नी लेडी मेहरबाई टेनिसच्या मिश्र दुहेरीत खेळल्या. आणि हेच 1924 हे वर्ष टाटांच्या पोलाद कारखान्यावर सर्वांत मोठे संकट आणणारे ठरले. कारखाना वाचविण्यासाठी दोराबजींनी आपली खाजगी मालमत्ता, मेहरबाईंच्या प्रसिद्ध ज्युबिली हिऱ्यासह, इंपीरियल बँकेकडे गहाण ठेवून एक कोट रुपयांचे कर्ज उभे केले. 1927 मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली, तिचे ते पहिले अध्यक्ष झाले आणि 1928 मध्ये पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्याकडे सूत्रे देऊन बाजूला झाले. घडी बसवावी आणि उठून जावे, हे संघटकाला क्वचितच साधते. खुर्चीला चिकटलेले क्रीडा-पुढारी आपण नंतर इतके पाहिले, की ही गोष्ट वेगळी सांगावीशी वाटते.

येथवर जे लिहिले ते गौरवाचे आहे. तथापि याच माणसाच्या चरित्राचे दुसरे पान मराठी वाचकापासून लपविता येणार नाही. ज्या काळात अनवाणी शेतकऱ्यांच्या पायांतील वेग दोराबजींना दिसला, त्याच काळात त्यांच्या वीज कंपनीच्या धरणासाठी मुळशी पेट्यातील शेतकऱ्यांच्या जमिनी पाण्याखाली जाणार होत्या. 1921 मध्ये तेथे सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापटांनी तो पुढे नेला, तुरुंगवास सोसला, आणि 1924 च्या सुमारास तो मोडला. धरण झाले, मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळाली, मावळातील गावे बुडाली.

पुण्याच्या एका अंगाला मैदान आणि दुसऱ्या अंगाला मुळशी. दोन्हीकडचा माणूस एकाच मातीतला, आणि दोन्हीकडे निर्णय घेणारे घराणे एकच. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न मला अनेक वर्षे छळीत आला आहे. एकीने दुसरी पुसली जाते असे मी मानीत नाही. मुळशीमुळे चौगुल्यांची शर्यत खोटी ठरत नाही. आणि अँटवर्पमुळे बुडालेली भातखाचरे परत येत नाहीत. मैदानावर येऊन पळून दाखविणाऱ्या शेतकऱ्याचे मोल ज्यांना कळले, त्यांना शेतावरून हलण्यास नकार देणाऱ्याचे मोल कळले नाही, एवढेच म्हणता येते. दात्याच्या दृष्टीला ही मर्यादा असते. म्हणूनच खेळ असो की अन्य सार्वजनिक काम, ते सर्वस्वी एका श्रीमंताच्या नजरेवर सोपवू नये. त्याच्या बरोबरीने गावाची वर्गणी असावी, गावाचा पंच असावा, गावाचा हिशेबनीस असावा.

आपल्या शेजारच्या कोल्हापूरने हे एकदा करून दाखविले आहे. 1952 मध्ये खाशाबा जाधव हेलसिंकीला निघाले तेव्हा पैशाचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर सात हजार रुपयांसाठी गहाण ठेवले. बाकीचे लोकांनी जमविले. खाशाबांनी कांस्यपदक आणले आणि स्वतंत्र भारताच्या पहिल्या वैयक्तिक पदकाची नोंद झाली. दोराबजींचा हिरा आणि खर्डेकरांचे घर यांची किंमत बाजारात एक नव्हे. पण जवळ होते ते सारे लावणारा माणूस, या नात्याने दोघेही एकाच पंक्तीत बसतात.

दोराबजी 3 जून 1932 रोजी जर्मनीत निवर्तले. मेहरबाई वर्षभर आधीच गेल्या होत्या. आपली जवळजवळ सर्व संपत्ती त्यांनी मृत्यूपूर्वी विश्वस्त निधीच्या स्वाधीन केली होती. पुढे मुंबईतील कर्करोगाचे रुग्णालय त्याच निधीतून उभे राहिले.

आज पहाटे खानापूर रस्त्याच्या कडेने आमच्या भागातली मुले धावताना दिसतात. मराठा लाइट इन्फंट्रीची भरती हे त्यांतल्या बहुतेकांचे ध्येय असते, आणि ते उत्तमच आहे. त्यांतल्या काहींना मी चौगुल्यांचे नाव विचारले. त्यांनी ते ऐकलेले नव्हते. दोष मुलांचा नाही. त्यांना ते सांगण्याचे काम आपल्यासारख्या जुन्या घरांचे होते. आपल्या मंडळाला माझी सूचना एवढीच, की दर वर्षी 22 ऑगस्टला या रस्त्यावर एक शर्यत ठेवावी. बक्षीस लहान असले तरी चालेल, भाषेची अट नसावी, आणि शेवटच्या रेषेपाशी एक चांगले घड्याळ व ते नीट वाचणारा एक माणूस असावा. एवढ्या साहित्यावर पुण्यात एकदा मोठे काम झालेले आहे.