रॉकेलचा बोळा

मी आमच्या पेंटरला इंकस्केप शिकवते आहे हे ऐकून पुण्याचा भाचा फोनवर हसलाच. "मावशी, तू? पंचाहत्तरीत?" म्हटलं, अरे, महिला मंडळाची हळदीकुंकवाची आमंत्रणं गेली काही वर्षं मी कशात करते? तूच तर माझ्या कॉम्प्युटरवर घालून दिलं होतंस. असो.

पेंटर हा माझा जुना विद्यार्थी. व्याकरणात यथातथाच, पण फळ्यावरचा सुविचार लिहायचा तो त्यानेच. पुढे कराडातल्या कितीतरी दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या. 2005च्या पुढेमागे फ्लेक्स आले आणि पाट्या गेल्या. राहिली होती ती भिंतींची कामं. दोन वर्षांपूर्वी परांचीवरून पडला, गुडघा कामातून गेला आणि तीही थांबली. रात्रपाळीच्या वॉचमनची नोकरी सांगून आली होती. ती घ्यायची की नाही हे ठरायच्या आत, म्हणजे दसऱ्याच्या आधी, मुलाने घेऊन दिलेला जुना लॅपटॉप पिशवीत घालून तो माझ्याकडे आला.

"बाई, उसाचा सीझन येतोय. ट्रॉल्यांवर रेडियम लावतात. अक्षर माझं पाहिजे. कापणारा कापू दे."

रेडियम म्हणजे तो पाठीमागून चिकटणारा रंगीत प्लास्टिकचा कागद. प्लॉटर नावाचं यंत्र बारीक सुरीने त्यातून अक्षरं कापून काढतं. दुकानवाले आपल्या कॉम्प्युटरमध्ये आहेत तीच अक्षरं वापरतात, त्यामुळे साऱ्या तालुक्याच्या ट्रॉल्या एकाच हाताने लिहिल्यासारख्या दिसतात. पेंटरचं दुखणं ते होतं. पैशाचंही होतंच, पण ते तो बोलला नाही.

पहिला अर्धा तास नुसतं उतरवून घेण्यात गेला. शोधून पाहिलं की वरतीच जाहिराती येतात, मोठ्ठं हिरवं 'डाउनलोड' बटण दाखवणाऱ्या. तिथे बोट लावायचं नाही. इंकस्केपच्या स्वतःच्या साइटवर जायचं, विंडोज निवडायचं, 64 बिट निवडायचं. पैसे मागितले तर आपण चुकीच्या घरात शिरलो आहोत असं समजायचं. पहिल्यांदा उघडताना ते मशीनवरचे सगळे फॉण्ट मोजत बसतं, त्याला वेळ लागतो. त्या वेळात पुन्हा पुन्हा क्लिक करू नये. मी चहा टाकला.

चहा पिताना त्याने विचारलं, "फुकट का देतात? काहीतरी मागतील पुढं."

मग त्याला सांगितलं. सोडिपोडी नावाचा एक प्रोग्रॅम होता, त्यातून 2003 साली काही जणांनी वेगळी वाट काढून हे सुरू केलं. 1.0 हा आकडा लागायला 2020 साल उजाडलं. इतकी वर्षं जगभरची माणसं, बहुतेक आपापल्या मोकळ्या वेळात, त्यावर काम करत आली. अट अशी की वापरा, वाटा, आतलं उघडून बदला. पण बदललेलं दुसऱ्याला दिलंत तर बदल कसा केला तेही उघडं ठेवा. पेंटरने मान डोलावली. "आमच्यात तसंच. उस्तादाचं अक्षर उचललं तर उस्तादाचं नाव सांगायचं, आणि आपल्याकडं पोरगं शिकायला आलं तर झाकायचं नाही." परवान्याचं कलम इतक्या पटकन कुणाला समजलेलं मी पाहिलं नव्हतं.

टायपिंगची त्याला धास्ती होती. दुकानातल्या जुन्या फॉण्टमध्ये दिसायला मराठी असतं, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं. फॉण्ट बदलला की सगळी खिचडी. युनिकोडमध्ये ती भानगड नाही. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली, इनस्क्रिप्ट कळपट दाखवला. त्याने पहिला शब्द मागितला तो 'कऱ्हाड'! जुनी माणसं गावाचं नाव असंच लिहायची, आणि तो अर्धा र त्याला रफारासारखा डोक्यावर नको होता. शिफ्ट धरून जे, मग डी, मग यू. पडद्यावर ऱ्ह उमटल्यावर तो खुर्चीतून थोडा उठलाच.

पण टायपिंग हे त्याचं काम नव्हे. खरी गंमत पुढे आली. त्याने घरून जाड कागदावर ब्रशने 'आईची कृपा' लिहून आणलं होतं. फोटो काढला, आत घेतला आणि 'ट्रेस बिटमॅप' केलं. त्यात चित्रावरून कडा शोधून तिची रेघ होते. मला वाटलं, झालं काम. पेंटर पडद्याजवळ गेला, चष्मा वर केला. "बाई, हात थरथरलाय."

खरंच होतं. नोडचं हत्यार घेतल्यावर दिसलं, एकट्या 'क'च्या कडेला मुंग्यांची रांग लागावी तसे ठिपके. कागदाचा खडबडीतपणासुद्धा मशीनने इमानदारीने उतरवला होता. 'सिंप्लिफाय' करून थोडे कमी झाले, पण कोपरे बोथट झाले ते त्याला चालेना. मग तो एकेक ठिपका निवडून काढून टाकू लागला. कुठला ठेवायचा हे मी सांगायला गेले तर म्हणाला, "थांबा बाई. जिथं ब्रश वळवतो तिथंच ठेवायचा." उरले मोजके. मधली गोलाई दोन्हीकडच्या दांड्या ओढून तो बसवत होता, आणि ती अशी बसत होती की मी मंडळाच्या आमंत्रणांकडे पुन्हा बघणार नाही.

कंट्रोल झेडची ओळख करून दिली तेव्हा म्हणाला, "हा रॉकेलचा बोळा." पाटीवर चुकलेला रंग पुसायला त्यांच्या कमरेला तो असायचा. त्या दिवसापासून आमच्याकडे त्या कळीचं नाव तेच आहे.

एक गोष्ट मात्र मी त्याला दाखवली, याचा मला जरा अभिमान आहे. फॉण्टमधून लिहिलेल्या शब्दाचं 'ऑब्जेक्ट टू पाथ' केलं की प्रत्येक अक्षराची शिरोरेघ शेजारच्या रेघेवर थोडी चढलेली राहते. रंगात ते दिसत नाही. 'आउटलाइन'मध्ये पाहिलं की दिसतं. प्लॉटरची सुरी त्या प्रत्येक सांध्यावरून फिरते आणि रेघेचे तुकडे पडतात. सगळं निवडून 'युनियन' केलं की एकसंध होतं. गावाची नावं, मोबाइल नंबर तो फॉण्टमध्येच लिहितो, तेव्हा हे लागतंच.

कापणाऱ्याने अडवलं ते वेगळ्याच कारणाने. "कोरलची फाइल आण." इंकस्केप ती बनवत नाही. आम्ही पीडीएफ केली, अक्षरांचे पाथ केलेली. ती त्याच्या कोरलमध्ये सरळ उघडली, वर तो म्हणाला, "एवढे कमी नोड कुणी केले?"

गाळप सुरू झालं तेव्हा अकरा ट्रॉल्या झाल्या होत्या. वॉचमनच्या नोकरीला त्याने अजून हो म्हटलेलं नाही, नाही पण म्हटलेलं नाही. अकरा ट्रॉल्यांवर घर चालत नाही, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

सध्या दुपारी येऊन तो पूर्ण बाराखडी काढतो आहे. फॉण्टफोर्ज नावाचं, तेही मोफतच, एक साधन आहे. त्यात घालून त्याच्या अक्षराचा फॉण्ट करायचा बेत आहे. जोडाक्षरांचं मोठं काम पुढे आहे, मलाही ते शिकायचं आहे. काल तो 'ङ'पाशी अडला.

"बाई, हे काढायलाच पाहिजे का? कुठं लागतं?"

"वाङ्मय लिहायला."

"ट्रॉलीवर?"

काढ म्हटलं. काढतोय.