हिवाळ्याने घडवलेल्या वस्तू

उत्तर युरोपची क्रूझ निघते ती उन्हाळ्यात. मुख्यतः मे ते सप्टेंबर हा तिचा हंगाम. कोपनहेगन, स्टॉकहोम, हेलसिंकी, टॅलिन, रीगा. नाहीतर दुसऱ्या अंगाने बर्गेन आणि नॉर्वेचे फ्योर्ड. जूनमध्ये स्टॉकहोमला अठरा तासांहून जास्त उजेड असतो. रात्रीचे दहा वाजले तरी सूर्याचं मावळायचं नक्की होत नाही, आणि डेकवर बसून पुण्याहून नेलेला चिवडा खाताना आपला घड्याळावरचा विश्वास उडतो. फोटोंमध्ये येतात ती हिरवीगार कुरणं, निळंशार पाणी, उघड्यावर आइस्क्रीम खाणारी माणसं. बॅगेतून मात्र भलतंच निघतं. लोकरीचे हातमोजे, लाकडी घोडा, बर्चच्या गाठीचा पेला, अंबरचे मणी. कर्वेनगरच्या घरी, एप्रिलहून बरा म्हणावा अशा उकाड्यात, हे सगळं पलंगावर मांडलं तेव्हा ध्यानात आलं, की आपण गेलो त्यांचा उन्हाळा बघायला आणि विकत आणला त्यांचा हिवाळा.

त्यात नवल नाही. त्या मुलखात उन्हाळा म्हणजे शेत, गवत, मासे, लाकूड. हातांना उसंत नाही. डिसेंबरात त्याच स्टॉकहोमला सूर्य जेमतेम सहा तास दिसतो. मग लांबच लांब संध्याकाळ, शेकोटी, हाताशी सुरी किंवा सुया. स्वीडनच्या डालार्ना प्रांतातला लाल घोडा असाच जन्मला. जंगलात लाकूडतोडीला गेलेली माणसं रात्री उरल्यासुरल्या लाकडातून मुलांसाठी घोडे कोरत. घोडाच का, तर बर्फातून ओंडके ओढणारा, घर चालवणारा सोबती तोच. त्या प्रांतात फालुन नावाचं गाव आहे. तिथे तांब्याची खाण होती, शतकानुशतकं चाललेली, १९९२ साली बंद झालेली. त्या खाणीच्या मातीतून निघणारा तांबडा रंग आजही स्वीडनमधल्या लाकडी घरांच्या भिंतींवर दिसतो. घोड्याचा तांबडा रंगही त्याच मातीतला मानतात.

अंबर तर माणसाने घडवलेलाच नाही. चार-पाच कोटी वर्षांपूर्वीच्या जंगलातल्या झाडांची राळ जमिनीखाली दगड झाली, आणि बाल्टिक समुद्र ती अजून किनाऱ्यावर आणून टाकतो. तेही मुख्यतः शरद आणि हिवाळ्यातल्या वादळांनंतर. दुकानातली मुलगी अंबर लोकरीवर घासून कागदाचे कपटे उचलून दाखवते. आमच्या गटातल्या सहकारनगरच्या एक काकू तेवढ्यावर ऐकणाऱ्या नव्हत्या. त्यांनी केबिनमध्ये पेलाभर पाण्यात मीठ विरेल तेवढं विरवलं आणि मणी आत सोडला. खरा अंबर अशा पाण्यात तरंगतो. काच बुडते, बरंचसं प्लॅस्टिकही बुडतं. मणी तरंगला. मग त्या रात्री जहाजातल्या उपाहारगृहातल्या मिठाच्या बाटल्या एकामागून एक आमच्या मजल्यावर आल्या.

पण या सगळ्यांत माझा जीव जडला तो लॅटव्हियाच्या हातमोज्यांवर. रीगाच्या बाजारात ते ढिगाने दिसतात, आणि ढीग उपसला तरी सहसा एकासारखा दुसरा सापडत नाही. अंगठा वेगळा आणि बाकीची चार बोटं एकत्र, अशी त्यांची जुनी घडण. वर चांदण्या, सूर्य, वळणाच्या रेघा. गावागणिक रंग निराळे. तिथली मुलगी लहानपणापासून मोजे विणून लाकडी पेटीत साठवत जाई. लग्न ठरलं की पेटी उघडे. सासू-सासरे, दीर-नणंदा, वऱ्हाडी, गाडी हाकणारा, सगळ्यांना मोजे. सासरी पाऊल टाकताना ती चुलीपाशी एक जोड ठेवी, गोठ्यात एक. आपल्याकडे रुखवत मांडून चारचौघांनी मुलीचे हात बघायचे, तसाच हा प्रकार; फरक एवढाच, की आपलं रुखवत बघून झाल्यावर माळ्यावर जातं आणि त्यांचं दुसऱ्या दिवशी सकाळी सासऱ्यांच्या हातात जाई. २००६ साली रीगाला नाटोची शिखर परिषद भरली, तेव्हा आलेल्या पाहुण्यांसाठी लॅटव्हियाने साडेचार हजार जोड हाताने विणून घेतले. तोफा-रणगाड्यांचा हिशोब मांडायला आलेल्या माणसांना त्या देशाने सासरच्या माणसांसारखं वागवलं, असं मला वाटतं.

‘पारंपरिक’ हा शब्द बंदरावरच्या प्रत्येक दुकानाच्या पाटीवर असतो. त्याचं वय मात्र विचारावं लागतं. रशियाची ती पोटात पोट, त्याच्या पोटात पोट असलेली बाहुली आपण आजीच्या आजीच्या काळातली समजतो. ती जन्मली १८९० च्या दशकात, मॉस्कोजवळच्या कारागिरांच्या आणि चित्रकारांच्या हातून, आणि १९०० सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात पदक मिळवून नावारूपाला आली. २०२२ पासून मोठ्या कंपन्यांच्या क्रूझ सेंट पीटर्सबर्गला जाईनाशा झाल्या; बाहुली मात्र शेजारच्या बंदरांत भेटत राहते. डालार्नाचे घोडे जुने खरे, पण ते साऱ्या स्वीडनचं चिन्ह झाले १९३९ च्या न्यूयॉर्कच्या प्रदर्शनानंतर. तिथे स्वीडनच्या दालनापाशी माणसाहून उंच लाल घोडा उभा केला होता, आणि अमेरिकन माणसाने त्याच्या छोट्या प्रती मागायला सुरुवात केली. म्हणजे लाकूडतोड्याच्या पोराचं खेळणं गिऱ्हाइकाने राष्ट्रचिन्ह केलं. मला यात खोटं काही दिसत नाही. न्युस्नेस गावात आजही ते घोडे हाताने तासतात, हाताने रंगवतात. विकत घेणारा आला म्हणून तासणारा टिकला. खोटी असते ती पाठीवर तिसऱ्याच देशाचा ठसा असलेली, कोपनहेगनला जलपरीचं आणि बर्गेनला लाकडी घरांचं चित्र चिकटवून येणारी लोहचुंबकाची चकती. आमच्या फ्रिजवर त्याही आहेतच. स्वस्त पडतात आणि वाटायला बऱ्या.

आता मुख्य गोष्ट. पुण्यातल्या मध्यमवर्गीय दिवाणखान्यात काचेचं कपाट असतं. त्यात आयफेल टॉवर, ताजमहाल, सिंगापूरचा सिंह आणि मुलाच्या स्नेहसंमेलनाचं पदक एका फळीवर नांदतात. नव्या वस्तूंनाही तिथेच जागा द्यायची असा घरचा रिवाज. मी एवढंच केलं, की जे वापरता येईल ते कपाटाबाहेर ठेवलं. लिलेहामरच्या थोर ब्यॉर्क्लुंड नावाच्या सुताराने रंधा समोर ठेवून चीज कापायचं एक हत्यार बेतलं आणि १९२५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. उलथन्याच्या पात्यात मधोमध धारदार फट, इतकंच ते. नॉर्वेत ते घरोघरी असतं, आमच्याकडे त्यावर काकडी आणि गाजर निघतं, आणि पाहुण्यांना पातळ काप पडलेले दिसले की हत्याराची हकीकत आपोआप सुरू होते. टॅलिनहून आणलेली ज्युनिपरच्या लाकडाची लोणी लावायची सुरी ओली झाली की अजून वास सोडते. हातमोजे घालून स्कूटर चालवता येत नाही, चार बोटं एका पिशवीत असल्यावर ब्रेक कसा दाबणार; पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे वेताळ टेकडीवर आमच्या घरातलं माणूस ते घालून जातं आणि टेकडीवरची मंडळी चौकशी करतात. कपाटातल्या घोड्याची आजवर कुणी चौकशी केलेली नाही.

वापरातली वस्तूच जिवंत राहते याचा दाखला हवा तर बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जावं. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर गंगाधर केळकरांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली आणि गावोगाव फिरत, पत्नी कमलाबाईंच्या साथीने, सुमारे वीस हजार वस्तूंचा संसार उभा केला. अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्याला दिलं आणि १९७५ मध्ये तो सगळा राज्य सरकारच्या हवाली केला. त्यात अडकित्ते आहेत, दिवे आहेत, फण्या, कुलुपं, स्वयंपाकघरातली भांडी आहेत. यातलं जवळजवळ काहीच शोभेसाठी म्हणून घडवलेलं नाही. काचेपलीकडे असूनही या वस्तू निर्जीव वाटत नाहीत, कारण त्यांच्या मुठी माणसांच्या हातांनी गुळगुळीत झालेल्या आहेत. केळकरांनी जमवल्या त्या वापरून झालेल्या वस्तू. आपण जमवतो त्या कधीच न वापरायच्या.

स्टॉकहोमच्या इतिहास संग्रहालयात आपण आणलेल्या वस्तूंच्या उलट दिशेने गेलेला एक प्रवासी बसलेला आहे. शहराच्या पश्चिमेला मेलारेन सरोवर आहे, त्यात हेल्गो नावाचं बेट. तिथल्या उत्खननात १९५६ साली बुद्धाची एक कांस्यमूर्ती सापडली, जेमतेम आठ सेंटीमीटर उंचीची. सहाव्या शतकाच्या आसपास ती घडली भारतीय उपखंडाच्या वायव्येला, स्वात-काश्मीरच्या बाजूला. त्याच बेटावर आयर्लंडकडच्या धर्मगुरूच्या दंडाची मूठ सापडली आणि इजिप्तकडचा एक पळाही. मूर्ती कुणी नेली, किती हात बदलून नेली, कशाच्या बदल्यात दिली, याची नोंद नाही. आमचा गट तिच्यापुढे थांबला तेव्हा नेहमीची बडबड बंद पडली. आपण इतक्या लांब आलो म्हणून मिरवत होतो, आणि आपल्या बाजूची ही मूर्ती हजार-बाराशे वर्षांपूर्वी, जहाजावर बुफे नसताना, इथे पोचली होती.

माझ्या घराच्या परिसराला ज्यांचं नाव आहे तेही त्या बाजूला जाऊन आले होते. धोंडो केशव कर्वे १९२९ च्या ऑगस्टमध्ये डेन्मार्कच्या हेल्सिंगोर इथे शिक्षणतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेला हजर होते. हॅम्लेटची कथा जिथे घडते ते हे गाव. कोपनहेगनला उतरणाऱ्या प्रवाशांना अर्ध्या दिवसाच्या सहलीत त्याचा किल्ला दाखवतात. वयाची एकाहत्तर वर्षं पूर्ण झालेले कर्वे त्या दौऱ्यात जिथे उभे राहतील तिथे भारतातल्या स्त्रीशिक्षणाबद्दल आणि १९१६ साली काढलेल्या महिला विद्यापीठाबद्दल बोलत होते. पुढे अमेरिका, जपान करून ते १९३० मध्ये परतले. किल्ल्याच्या तटावरून समोरचा स्वीडनचा किनारा बघताना मला सारखं वाटत होतं, की हा माणूस इथे काही घ्यायला आला नव्हता. पुण्याजवळच्या हिंगण्याच्या माळावर जे उभं केलं ते सांगायला आला होता.

आपण परदेशी निघतो तेव्हा आणायच्या वस्तूंची यादी तयार असते. न्यायचं म्हणजे फक्त आपल्या पोटापुरतं: चिवडा, लाडू, मेतकूट. जहाजावर रोज खोली आवरणारा मुलगा असतो, बसमधून फिरवणारी वाटाड्या बाई असते, जेवणाच्या टेबलावर ओळख झालेलं परदेशी जोडपं असतं. त्यांच्या हातावर ठेवायला आपल्याजवळ काही नसतं. खरं तर कसबा पेठेत तांबट आळी आहे. पेशवाईपासून तिथे तांब्याचे पत्रे ठोकून भांडी घडतात. पृष्ठभागावर हातोडीचा एकेक ठसा उमटवत जाणाऱ्या कामाला मठारकाम म्हणतात, आणि त्याचा ठणठणाट अजून ऐकू येतो, पूर्वीपेक्षा कमी घरांतून का होईना. न्युस्नेसचा सुतार टिकला तो घोडा विकत घेणाऱ्यामुळे. तांबटही तसाच टिकेल, आपण घेतलं तर.

म्हणून पुढच्या उन्हाळ्यात जे उत्तरेला निघतील त्यांना एवढंच सांगणं. तिथून आणाल ते तिथली माणसं स्वतः वापरतात असंच आणा, आणि आणल्यावर काचेच्या कपाटात कोंडू नका. निघण्याआधी एक दुपार तांबट आळीत काढा. मठारकामाचे दोन-चार छोटे पेले घ्या, वजनाला ते जड नाहीत. भाव पाडून मागू नका. त्यातला एक पेला तिकडे कुणाला तरी द्या आणि तो कुठे घडला ते नीट सांगा.